अपडेटनंतर मेल प्रोग्राम बंद पडलाय? काही डिलीट करायच्या आधी हे क्रमाने बघा

रात्री कॉम्प्युटर चालूच राहिला, मध्येच त्याने आपलं आपण अपडेट करून घेतलं, रीस्टार्ट पण झाला, आणि सकाळी मेल उघडायला गेलं तर काहीतरी बिनसलेलं. कुणाचा आउटलुक उघडतच नाही, कुणाचा उघडतो पण नवीन मेल येत नाहीत, कुणाला दर दोन मिनिटांनी पासवर्ड विचारतोय, आणि कुणाचा इनबॉक्स चक्क रिकामा. पहिल्यांदा असं झालं की माणूस घाबरतो आणि घाबरला की दोनच गोष्टी करतो, एकतर अकाउंट काढून परत टाकतो नाहीतर अख्खा प्रोग्राम अनइन्स्टॉल करतो. नेमकं हेच करायचं नाहीये. अपडेट सहसा तुमचे मेल पुसत नाही. मेल जातात ते त्यानंतरच्या घाईत, आणि तेव्हा नाव मात्र अपडेटचं होतं.

म्हणून खालचा क्रम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहून ठेवा, म्हणजे परत मागे जाता येईल. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि मेल सुरू झाला तरी कशामुळे झाला ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात अपडेट आलं की परत तेच.

सगळ्यात आधी : तुमचे मेल राहतात कुठे

अकाउंट दोन प्रकारचं असतं, आयमॅप आणि पॉप. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर असतात आणि तुमच्या कॉम्प्युटरवर त्यांची कॉपी असते, म्हणजे कॉम्प्युटरवरची कॉपी गेली तरी परत उतरवता येते. (एक्सचेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चं ऑफिसचं अकाउंट असेल तरी गोष्ट साधारण तीच.) पॉपमध्ये उलटं, मेल सर्व्हरवरून उचलून तुमच्या कॉम्प्युटरवर आणले जातात आणि 'सर्व्हरवर कॉपी ठेवा' हे सेटिंग चालू नसेल तर जगात ती एकच प्रत असते. आता विचार करा, अशा अकाउंटवर रागाच्या भरात 'रिमूव्ह' दाबलं तर काय होईल.

कुठलं आहे ते अकाउंट सेटिंग्जमध्ये अकाउंटच्या नावासमोर लिहिलेलं असतं. प्रोग्राम उघडतच नसेल तर सरळ धरून चाला की पॉप आहे. आयमॅप असलं तरी एक गोष्ट विसरू नका, 'लोकल फोल्डर्स' किंवा 'आर्काइव्ह' नावाखाली जे काही हलवून ठेवलंय ते फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर असू शकतं.

मग बॅकअप घ्या. मेल प्रोग्राम पूर्ण बंद करा आणि फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर टाका. आउटलुकची पीएसटी फाइल (तुमचे मेल साठवलेले असतात ती) बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये 'आउटलुक फाइल्स' नावाच्या फोल्डरमध्ये असते. ओएसटी नावाची फाइल दिसली तर ती सर्व्हरवरच्या मेलची कॉपी असते, तिची इतकी काळजी नको. थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्राम, त्याचं प्रोफाइल, म्हणजे मेल आणि सेटिंग्ज ठेवलेला फोल्डर, विंडोजवर लपवलेल्या अॅपडेटा फोल्डरच्या आत रोमिंगमध्ये असतं. प्रोग्राम उघडत असेल तर हेल्प मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' मध्ये जाऊन 'ओपन फोल्डर' दाबलं की थेट तिथेच नेऊन सोडतो. अख्खा फोल्डर कॉपी करा, त्यातलं काय लागेल काय नाही असं निवडत बसू नका.

हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण फाइल मोठी असली तरी अर्ध्या तासाचं काम असतं आणि नंतर जे काही कराल ते निवांत करता येतं.

ब्राउझरमध्ये मेल उघडून बघा

आता ब्राउझर उघडा, तुमच्या मेल सेवेच्या साइटवर जा आणि लॉगिन करा. तिथे मेल दिसतायत, नवीन येतायत, स्वतःलाच एक मेल पाठवला तर पोचतोय, म्हणजे सर्व्हर ठीक, इंटरनेट ठीक, पासवर्ड पण ठीक. बिघाड तुमच्या प्रोग्राममध्ये किंवा प्रोग्राम आणि सर्व्हरच्या मधल्या रस्त्यात आहे. तिथेही लॉगिन होत नसेल किंवा नवीन मेल येत नसतील तर मग अपडेटचा काही संबंधच नाही, पासवर्ड बदललाय किंवा सर्व्हरच बंद आहे किंवा मेलबॉक्सची जागा भरलीये. या एका तपासणीने निम्मे अंदाज बाद होतात, तरी लोक ती सगळ्यात शेवटी करतात.

आणि हो, तातडीचं काम असेल तर ते ब्राउझरमधूनच उरकून घ्या. प्रोग्राम दुरुस्त व्हायची वाट बघत महत्त्वाचा मेल अडकवून ठेवायची गरज नाही.

खरंच अपडेटमुळे झालं का

विंडोजमध्ये स्टार्ट उघडून 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' असं काहीतरी वर येईल ते उघडा. ही स्क्रीन फारशी कुणाला माहीतच नसते पण नवख्या माणसासाठी याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. तारखांचे उभे पट्टे असतात, कुठला प्रोग्राम कोसळला तिथे लाल फुली असते, आणि काही इन्स्टॉल झालं तिथे निळ्या गोलात छोटा आय. तारखेवर क्लिक केलं की खाली यादी येते, त्या दिवशी कुठलं विंडोज अपडेट लागलं, त्याचा केबीने सुरू होणारा नंबर काय, आणि मेल प्रोग्राम पहिल्यांदा कधी पडला. समजा अपडेट बुधवारी लागलं आणि लाल फुल्या सोमवारपासूनच आहेत, तर विषय संपला, अपडेट निर्दोष आहे.

मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, त्यामुळे त्या आठवड्यात एकदम बऱ्याच लोकांची तक्रार असेल तर संशयाला जागा आहे. पण एक गंमत लक्षात ठेवा, विंडोज वेगळं अपडेट होतं, ऑफिस स्वतःचं वेगळं अपडेट करतं, थंडरबर्ड तिसरंच, आणि अँटीव्हायरस तर दिवसातून कितीदा. सगळे एकाच रीस्टार्टला कामाला लागतात आणि आपल्याला वाटतं विंडोजनेच केलं. आउटलुकमध्ये फाइल, मग 'ऑफिस अकाउंट' मध्ये गेलात तर त्याचं व्हर्जन दिसतं, थंडरबर्डमध्ये हेल्प आणि अबाउट. ते लिहून घ्या.

कधीकधी तर तुमच्याकडे काहीच चुकलेलं नसतं. २०२१ च्या मे महिन्यात आउटलुकच्या एका अपडेटनंतर मेल उघडला की मजकूरच दिसेना, जेमतेम एक ओळ दिसायची, आणि ते मायक्रोसॉफ्टने आपल्या बाजूनेच काही तासांत निस्तरलं. त्या काही तासांत ज्यांनी अख्खं ऑफिस काढून परत टाकलं त्यांची मेहनत फुकट गेली. म्हणून पहिल्या दिवशी एकदा सर्च करून बघा की हाच प्रकार इतरांना पण होतोय का.

छोट्या गोष्टी, पण यातच बऱ्याचदा सुटतं

रीस्टार्ट करा. झोपवून उठवणं नाही, स्टार्टमधून नीट 'रीस्टार्ट'. विंडोजमध्ये 'शट डाउन' करून परत चालू केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे सिस्टम पूर्ण ताजी होत नाही, रीस्टार्टमध्ये होते. मग सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन बघा काही अर्धवट अडकलंय का, 'रीस्टार्ट रिक्वायर्ड' असं दिसत असेल तर ते आधी पूर्ण होऊ द्या. अर्धं लागलेलं अपडेट हे लागलेल्या अपडेटपेक्षा जास्त त्रास देतं.

तारीख, वेळ आणि टाइम झोन बघा. घड्याळ पुढेमागे झालं असेल तर सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, प्रोग्रामला मुदत संपलेलं किंवा अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि तो कनेक्शन नाकारतो.

'वर्क ऑफलाइन' दाबलं गेलंय का ते बघा. आउटलुकमध्ये ते सेंड/रिसीव्ह टॅबवर असतं आणि खालच्या पट्टीत 'वर्किंग ऑफलाइन' असं लिहून येतं, थंडरबर्डमध्ये अगदी खाली डाव्या कोपऱ्यात छोटं चिन्ह आहे, मॅकच्या मेलमध्ये मेलबॉक्स मेनूत 'टेक ऑल अकाउंट्स ऑनलाइन'. हसू नका, कितीतरी जणांचा आजार एवढाच निघतो.

प्रोग्राम उघडतच नाही, किंवा उघडून अडकतो

इथे पहिला संशय अॅड-इनवर. अॅड-इन म्हणजे आउटलुकला चिकटलेले छोटे जोडप्रोग्राम, पीडीएफवाल्याचा, मीटिंगवाल्याचा, अँटीव्हायरसचा, कुठल्याशा हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा. मूळ प्रोग्राम अपडेट होतो, जोडप्रोग्राम जुनाच राहतो, आणि दोघांचं पटत नाही.

कंट्रोलची कळ दाबून धरा आणि तशीच धरून आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करा. तो विचारेल सेफ मोडमध्ये उघडू का, हो म्हणा. सेफ मोडमध्ये अॅड-इन चालू होत नाहीत, त्यामुळे आउटलुक असा व्यवस्थित उघडला तर चोर तिथेच आहे. मग फाइल, ऑप्शन्स, अॅड-इन्स, खाली 'कॉम अॅड-इन्स' निवडून 'गो', आणि सगळ्या टिका काढा. आउटलुक बंद करून नेहमीसारखा उघडा. आता एकेक टिक परत लावत जा, प्रत्येक वेळी बंद करून उघडा, ज्याच्यानंतर अडकेल तो दोषी. त्याचं नवीन व्हर्जन आलंय का बघा, नसेल तर तोपर्यंत बंदच ठेवा.

थंडरबर्डमध्ये हेच काम हेल्प मेनूतल्या 'ट्रबलशूट मोड' ने होतं, उघडतच नसेल तर विंडोजवर शिफ्ट दाबून धरून उघडा. मॅकवर एक वेगळी गोष्ट आहे, मॅकओएस सोनोमा म्हणजे १४ पासून (२०२३) मेलचे जुन्या पद्धतीचे प्लगइन अॅपलने पूर्णच बंद केले, त्यामुळे त्या अपडेटनंतर एखादं प्लगइन गायब झालं असेल तर ते शोधत बसू नका, ते बनवणाऱ्याने नव्या पद्धतीचं एक्स्टेन्शन काढलंय का एवढंच बघा.

सेफ मोडमध्ये पण उघडत नसेल तर रिपेअर. सेटिंग्जमध्ये अॅप्सच्या यादीत ऑफिस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ शोधा, 'मॉडिफाय' दाबा, दोन पर्याय येतात. 'क्विक रिपेअर' आधी करा, त्याला इंटरनेट पण लागत नाही आणि थोड्या वेळात होतं. 'ऑनलाइन रिपेअर' म्हणजे जवळजवळ परत इन्स्टॉलच, वेळ खातं, पण पीएसटी फाइलला हात लावत नाही.

प्रोग्राम ठीक पण विंडोजच्याच फाइल बिघडल्यात असं वाटलं तर कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' ने उघडून एसएफसी, एक स्पेस, स्लॅश, आणि जोडून स्कॅननाऊ असं इंग्रजीत टाइप करून एंटर. ही कमांड बिघडलेल्या सिस्टम फाइल शोधून दुरुस्त करते. २०१५ मध्ये विंडोज १० वर अपग्रेड केल्यावर बऱ्याच जणांच्या आउटलुकमधून मेल जाईनात तेव्हा ह्याच एका कमांडने ते सुटत होतं. दर वेळी उपयोग होईल असं नाही, पण नुकसान काही नाही.

सारखा सारखा पासवर्ड विचारतो

हा प्रकार सगळ्यात जास्त डोकं खातो, म्हणून जरा सविस्तर. छोटी खिडकी येते, तुम्ही पासवर्ड टाकता, ओके, खिडकी जाते, तीन सेकंदांत परत तीच. पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतोय, मग इथे का नाही?

कारण बऱ्याच मोठ्या सेवांनी नुसत्या युजरनेम-पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणंच बंद केलंय. गूगलने वैयक्तिक जीमेल अकाउंटसाठी हे ३० मे २०२२ पासून बंद केलं, मायक्रोसॉफ्टने ऑफिसच्या एक्सचेंज ऑनलाइन अकाउंटसाठी ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने, आणि आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल या वैयक्तिक अकाउंटसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. त्याऐवजी आता ओऑथ नावाची पद्धत असते, म्हणजे पासवर्ड प्रोग्रामला द्यायचा नाही, कंपनीच्याच लॉगिन पानावर द्यायचा आणि ती प्रोग्रामला परवानगीचं टोकन देते. आता होतं काय, अपडेटमध्ये हे टोकन कधी कधी उडतं, किंवा प्रोग्राम जुन्या पद्धतीने विचारायला लागतो, आणि सर्व्हर नाही म्हणत राहतो. तुम्ही शंभर वेळा बरोबर पासवर्ड टाका, उपयोग शून्य.

ओळखायचं कसं? खिडकीच बघा. नुसते दोन साधे बॉक्स, एक नावाचा एक पासवर्डचा, अशी करड्या रंगाची खिडकी असेल तर ती जुनी पद्धत. वेबपेजसारखी दिसणारी, कंपनीचा लोगो असलेली, आधी ईमेल विचारून मग पुढच्या पानावर पासवर्ड आणि मग मोबाइलवर कोड, ती नवी.

थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज, सर्व्हर सेटिंग्ज, तिथे 'ऑथेंटिकेशन मेथड' मध्ये 'नॉर्मल पासवर्ड' असेल तर 'ओऑथ२' करा. हेच डाव्या यादीत अगदी तळाला असलेल्या 'आउटगोइंग सर्व्हर' ला पण करायचं, तो वेगळा असतो आणि लोक तो विसरतात, मग मेल येतात पण जात नाहीत. आउटलुकमध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर' मध्ये जाऊन 'विंडोज क्रेडेन्शियल्स' खाली ऑफिसच्या नावाने साठवलेल्या जुन्या नोंदी काढा आणि परत लॉगिन करा. याने मेल जात नाहीत, फक्त साठवलेली ओळख जाते.

तुमचा प्रोग्राम इतका जुना असेल की त्याला ओऑथ येतच नाही, तर गूगल, याहू वगैरे 'अॅप पासवर्ड' देतात. जीमेलसाठी आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असावं लागतं, मग सोळा अक्षरांचा एक वेगळा पासवर्ड मिळतो आणि तो नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायचा. गूगल अकाउंटचा मुख्य पासवर्ड बदलला की हे अॅप पासवर्ड रद्द होतात, हे पण ध्यानात असू द्या, कारण मग दोष परत अपडेटवर जातो. आउटलुक डॉट कॉमला मात्र ही पळवाट चालत नाही, तिथे ओऑथ येणारा प्रोग्रामच हवा.

मेल येतात पण जात नाहीत

येणारा रस्ता वेगळा, जाणारा वेगळा. जाण्याला एसएमटीपी म्हणतात आणि त्याची सेटिंग्ज स्वतंत्र असतात. अपडेटनंतर ही मूळपदावर गेलीत का ते तपासा. आयमॅपसाठी पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा नंबर) ९९३, पॉपसाठी ९९५, दोन्हीला एसएसएल/टीएलएस (कनेक्शन सुरक्षित करायची पद्धत). पाठवण्यासाठी ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस. यांची अदलाबदल झाली की प्रोग्राम नुसता गोल फिरत राहतो आणि शेवटी टाइमआउट. पोर्ट २५ लिहिलेला दिसला तर बदला, बहुतेक इंटरनेट कंपन्या घरगुती कनेक्शनवर तो अडवतात. (बॉक्समध्ये आकडे इंग्रजीच टाका.) युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता, आणि 'आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं' याची टिक लावलेली हवी.

एररचा नंबर असेल तर तो वाचा, नुसतं ओके दाबून टाकू नका. ५३५ म्हणजे सर्व्हरने तुमची ओळख नाकारली, वरचा पासवर्डचा भाग परत बघा. ५३० म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही ओळख दिलीच नाही. आउटलुकचा शेवटी ८००सीसीसी०ई असलेला कोड म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही, इथे पासवर्डशी झटापट करण्यात अर्थ नाही, पोर्ट, फायरवॉल, अँटीव्हायरस बघा.

अँटीव्हायरसबद्दल : त्यातले काही तुमच्या मेलच्या कनेक्शनच्या मध्ये बसून प्रत्येक मेल तपासतात आणि त्यासाठी स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतात. थंडरबर्ड सर्टिफिकेटांची स्वतःची यादी ठेवतो, त्यामुळे दोघांपैकी एक अपडेट झाला की 'सर्टिफिकेटवर विश्वास नाही' सुरू. अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये फक्त 'ईमेल स्कॅनिंग' किंवा 'मेल शील्ड' तेवढं पाच मिनिटं बंद करून बघा, अख्खा अँटीव्हायरस नाही. फरक पडला तर ते मेल स्कॅनिंग बंद ठेवलं तरी चालतं, कारण अटॅचमेंट उघडताना फाइल तपासली जातेच.

आणि सर्व्हर जुना असेल, म्हणजे एखाद्या छोट्या होस्टिंगवरचं ऑफिसचं डोमेन वगैरे, तर टीएलएसचा घोळ असू शकतो. टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या झालेल्या सुरक्षा पद्धती, २०२१ मध्ये त्या अधिकृतपणे बाद ठरल्या, थंडरबर्डने तर २०२० मध्येच ७८ व्हर्जनपासून त्या आपोआप बंद ठेवल्या. सर्व्हर तेवढंच बोलू शकत असेल तर अपडेट झालेला प्रोग्राम त्याच्याशी बोलणारच नाही. यावर इंटरनेटवर जुगाड सापडतात, सेटिंगच्या पोटात शिरून जुनी पद्धत परत चालू करायचे. मी म्हणेन करू नका, होस्टिंगवाल्याला सांगा सर्व्हर सुधार म्हणून.

इनबॉक्स रिकामा, सगळं गेलं

थांबा. बहुतेक वेळा गेलेलं नसतं, तुम्ही दुसऱ्याच खोलीत उभे असता.

आउटलुकचं आधी बघा. विंडोजमधलं जुनं 'मेल' अॅप ३१ डिसेंबर २०२४ ला मायक्रोसॉफ्टने बंद केलं आणि त्याच्या जागी 'न्यू आउटलुक' आणलं. शिवाय ज्यांच्याकडे ऑफिसमधला जुना म्हणजे क्लासिक आउटलुक आहे त्यांना वर उजव्या कोपऱ्यात 'ट्राय द न्यू आउटलुक' असा स्विच दिसतो, तो चुकून दाबला गेला की एक वेगळाच प्रोग्राम उघडतो. दिसायला ओळखीचा, नाव तेच, पण तुमची पीएसटी त्यात आपोआप दिसत नाही आणि जुने कॉम अॅड-इन तिथे चालतच नाहीत. स्विच परत बंद करा, किंवा स्टार्टमध्ये 'आउटलुक क्लासिक' शोधून उघडा. सगळं जिथल्या तिथे असतं.

दुसरा प्रकार जरा आडवळणाचा. मोठ्या अपडेटनंतर विंडोज कधी कधी 'चला, सेटअप पूर्ण करूया' अशी स्क्रीन दाखवतं आणि आपण पुढे-पुढे दाबत जातो, त्यात डॉक्युमेंट्सचा वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) बॅकअप चालू होतो. डॉक्युमेंट्स तिकडे हलतं, त्यासोबत 'आउटलुक फाइल्स' पण, आणि आउटलुक जुन्या पत्त्यावर फाइल शोधत बसतो किंवा सिंक चालू असलेल्या फाइलवर अडकतो. पीएसटी वनड्राइव्हमध्ये ठेवू नये असं मायक्रोसॉफ्ट पण सांगतं. आउटलुक बंद करा, वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये डॉक्युमेंट्सचा बॅकअप थांबवा, फाइल वनड्राइव्हच्या बाहेर साध्या फोल्डरमध्ये आणा, आणि आउटलुकने विचारलं की तो नवा पत्ता दाखवा. फाइलच खराब झालीये असं म्हणत असेल तर ऑफिसच्याच फोल्डरमध्ये स्कॅनपीएसटी नावाचं दुरुस्तीचं टूल असतं, ते नेहमी कॉपीवर चालवा, मूळ फाइलवर नाही.

थंडरबर्ड रिकामा दिसला, नवीन अकाउंट बनवा म्हणाला, तर त्याने बहुधा नवीन प्रोफाइल उघडलंय आणि जुनं बाजूला तसंच पडलंय. अकाउंट बनवू नका. ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून 'अबाउट प्रोफाइल्स' उघडा, तिथे दोन नावं दिसतील, जुन्याला 'सेट अॅज डिफॉल्ट' करून परत उघडा. तो 'तुम्ही जुनं व्हर्जन उघडलंय' म्हणून अडला तर प्रोफाइल नव्या व्हर्जनने वापरलंय आणि आता हाताशी जुनं आहे, उपाय म्हणजे नवीन व्हर्जन टाकणं, नवीन प्रोफाइल बनवणं नव्हे. उबंटूवर २४.०४ ला अपग्रेड केलं असेल तर थंडरबर्ड आता स्नॅप पॅकेजमधून येतो आणि त्याचं प्रोफाइल होममधल्या स्नॅप फोल्डरच्या आत असतं, जुनं बहुधा होममधल्या लपवलेल्या थंडरबर्ड फोल्डरमध्ये सापडतं.

फक्त एकच फोल्डर रिकामा किंवा मेलची शीर्षकं एक आणि मजकूर भलताच, असं असेल तर यादी बिघडलीये. थंडरबर्डमध्ये फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर'. मॅकवर मेलबॉक्स मेनूत 'रीबिल्ड'.

फोनवर झालं असेल तर

थोडक्यातच. २०२१ च्या मार्चमध्ये अँड्रॉइडवर जीमेल आणि बाकी कितीतरी अॅप उघडल्या उघडल्या बंद पडायला लागले, आणि कारण निघालं 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' या आतल्या भागाचं अपडेट, मेल अॅपला कुणी हातही लावला नव्हता. म्हणून मेल अॅपसोबत प्ले स्टोअरमध्ये वेबव्ह्यू आणि क्रोम पण अपडेट करून बघा. मग अॅपची कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फाइल, साफ करा, 'क्लिअर डेटा' ला घाई नको कारण त्यात न गेलेले मेल आणि ड्राफ्ट जाऊ शकतात. बॅटरी सेव्हर आणि बॅकग्राउंड डेटाची परवानगी अपडेटनंतर बदलते, मेल येतात पण नोटिफिकेशन नाही अशी तक्रार असेल तर आधी तिथे बघा.

अपडेट काढायचं का

शेवटचा उपाय म्हणून, आणि रिलायबिलिटी हिस्ट्रीत तारीख जुळत असेल तरच. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्ट्री, तळाला 'अनइन्स्टॉल अपडेट्स', तिथे तो केबी नंबर शोधून काढा. मोठं व्हर्जनच बदललं असेल तर सिस्टम, रिकव्हरी मध्ये 'गो बॅक' असतं पण साधारण दहाच दिवस मिळतात. काढल्यावर विंडोज ते परत टाकणार, म्हणून अपडेट काही आठवडे पॉज करा, विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत करता येतं. कायमचं बंद करण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतील, ऐकू नका, मेल अटॅचमेंट उघडणाऱ्या कॉम्प्युटरवर सुरक्षा अपडेट नसणं हे मेल बंद पडण्यापेक्षा वाईट. आणि ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर यातलं काहीही करायच्या आधी आयटीवाल्यांना विचारा, तिथे अपडेट त्यांच्या हातात असतात.

इतकं करूनही सुटलं नाही तर मदत मागताना 'मेल चालत नाही' एवढंच लिहू नका, त्यावर कुणीच काही सांगू शकत नाही. विंडोज किंवा मॅकचं व्हर्जन, मेल प्रोग्रामचं व्हर्जन, अकाउंट आयमॅप की पॉप, कुठल्या सेवेचं, अपडेटचा नंबर आणि तारीख, एररचा मजकूर जसाच्या तसा, ब्राउझरमध्ये चालतंय की नाही, सेफ मोडमध्ये काय झालं, आणि आत्तापर्यंत काय काय करून बघितलं ते क्रमाने. स्क्रीनशॉट टाकणार असाल तर ईमेल पत्ता आणि मेलची नावं पुसून टाका, आणि अॅप पासवर्डची खिडकी उघडी असेल तर ती आधी बंद करा.